छत्तीस नंबरचं हेल्मेट

आमच्या स्टेडियमच्या आतल्या भिंतीवर अकरा नावं आहेत. हातभर उंच सोनेरी अक्षरं, वर दिवे सोडलेले. पहिलं नाव मालकांच्या वडिलांचं. थोरल्या डेनहोमसाहेबांनी जन्मभर गाद्या विकल्या. आमचा हा हातात धरून पळायचा अमेरिकन फुटबॉल त्यांनी धरला तो एकदाच, फोटोपुरता, आणि तोही कलिंगडासारखा पोटाशी. दुसरं नाव एका चेंडू लाथाडणाऱ्याचं, ज्याच्यावर एका रविवारी वारा मेहेरबान झाला होता. आठवं नाव डॅश मर्करचं. ओडेल प्रुइटचं नाव तिथे नाही. पोर्ट हॅलममध्ये कोणालाही विचारा, ओडेल प्रुइट कोण? तो डोकं खाजवून म्हणेल, "हायवेवरचं टायरचं दुकान त्याचंच ना?"

हे गाव असंच आहे. डिसेंबरात नाक गळून पडेल अशा थंडीत ही माणसं सकाळी सातपासून स्टेडियमच्या पार्किंगमध्ये उघडी पोटं काळी-पिवळी रंगवून उभी राहतात, गाडीच्या डिकीशी शेगडी मांडून सॉसेज भाजतात, बिअर ढोसतात आणि खेळ आपल्याला कळतो असं समजतात. त्यांना चेंडू दिसतो. चेंडूवाल्याखेरीज मैदानावर आणखी एकवीस माणसं एकमेकांची हाडं मोडत असतात, ते यांच्या गावीही नसतं.

मी बर्नी सोबचाक. स्टोकर्स संघाच्या सामानखोलीत एकतीस वर्षं काढली. शर्ट, बूट, पॅड, चेंडू, हेल्मेटं सगळं माझ्या हातातून जायचं. खोलीला अर्धं दार होतं आणि त्या दारावर कोपर टेकून मी माणसं जोखायचो. घामाने चिंब मोजे उलटे टाकतो की सुलटे, एवढ्यावरून मला माणूस कळतो. मर्कर मोजे जमिनीवर टाकायचा.

ओडेल आला तो खेळाडूनिवडीच्या शेवटच्या फेरीत. म्हणजे सगळ्या संघांनी आपापली चांगली पोरं उचलून नेल्यावर तळाशी जे उरतं, त्यातला. मिसिसिपीतल्या कुठल्याशा लहान कॉलेजचा, उंचीने बेताचा, मान बैलाची. हेड कोच हॅगर्टी माझ्या दाराशी येऊन म्हणाला, "बर्नी, याला काहीतरी घालायला दे. ऑगस्टपर्यंत टिकला तर नशीब."

मी विचारलं, "नंबर कुठला हवा?"

"बावीस असेल का, मिस्टर बर्नी?"

"बावीस मर्करला हवा होता, त्याने नंतर बदलून अठ्ठावीस घेतला. पण बावीस त्याने अडवून ठेवलाय."

"दोन्ही त्याचेच?"

"तो पहिल्या फेरीतला आहे."

ओडेल हसला. "मग जो पडून असेल तो द्या."

छत्तीस पडून होता. आणि लक्षात घ्या, एकतीस वर्षांत मला मिस्टर म्हणणारी माणसं मी एका हाताच्या बोटांवर मोजीन. बाकीच्यांसाठी मी 'ए बर्नी', 'म्हाताऱ्या', नाहीतर नुसती शिट्टी.

ओडेल ऑगस्टपर्यंत टिकला. त्यानंतर नऊ वर्षं टिकला. आणि त्या नऊ वर्षांत त्याने काय केलं ते कळायला डोकं लागतं, म्हणून ते कोणाला कळलं नाही.

रनिंग बॅक म्हणजे चेंडू काखेत मारून माणसांच्या भिंतीत घुसणारा. हे झालं लोकांना ठाऊक असलेलं काम. ओडेल चेंडू घेऊन घुसायचा, तीन यार्ड, चार यार्ड, पुन्हा तीन, असं चिखलातून बैलगाडी ओढावी तसं संघाला मैदानाच्या पार टोकाशी नेऊन ठेवायचा. शेवटचा एक यार्ड उरला की कोच शिट्टी मारायचा, ओडेल बाहेर आणि मर्कर आत. मर्कर तो एक यार्ड पार करायचा, म्हणजे टचडाऊन, सहा गुण, मग चेंडू आपटायचा, कंबर हलवून नाचायचा. साठ हजार माणसं बोंबलायची, "मर्क! मर्क! मर्क!" गुण त्याच्या नावावर, फोटो त्याचा, आणि दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात चर्चा, की हा प्रुइट टोकाशी जाऊन ढेपाळतो कसा.

ढेपाळतो! त्या न्हाव्याला स्वतःच्या जिन्यावरून कचऱ्याची पिशवी खाली नेताना धाप लागायची.

पण ओडेलचं दुसरं काम याहून मोठं होतं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू लांब फेकणारा आमचा लाडोबा, फेकायला दोन पावलं मागे सरला की समोरून सव्वाशे-सव्वाशे किलोचे रेडे त्याला चिरडायला धावत यायचे. त्यातला एखादा आमच्या भिंतीतून सुटायचाच. त्या सुटलेल्याला अडवायचं ओडेलने. कसं? तर समोर उभं राहायचं आणि कपाळाने घ्यायचं. पळत येणाऱ्या ट्रकसमोर आपण होऊन जाणं, दर रविवारी दहा-पंधरा वेळा. याचा हिशोब कुठल्याच तक्त्यात लिहीत नाहीत. टीव्हीचा कॅमेरा तोपर्यंत उडालेल्या चेंडूमागे गेलेला असतो.

कॅमेऱ्याला दिसायचं नाही, पण मला दिसायचं, कारण सोमवारी सकाळी हेल्मेटं माझ्यापुढे यायची. दोन हेल्मेटं एकमेकांवर आदळली की एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. आमची हेल्मेटं काळी. ओडेलच्या काळ्या कपाळावर हिरवे ओरखडे, केशरी फरांटे, निळे डाग, ज्या संघाशी खेळलो त्याचा रंग. कधी काळा रंग खरवडून खालचं पांढरं दिसायचं. मर्करचं हेल्मेट मात्र लग्नात आहेर आलेल्या भांड्यासारखं लखलखीत. नाचताना कुठे ओरखडा येतो?

आणि मी काय करायचो? पुसायचो. मालकीणबाई डेनहोम एकदा म्हणाल्या होत्या, की टीव्हीवर आपली हेल्मेटं मळकी दिसतात. झालं. तेव्हापासून दर सोमवारी फडका, रंग काढायचं द्रावण, वर मेण. सगळ्यांची मिळून दोन तासांत व्हायची आणि एकट्या ओडेलच्याला पाऊण तास जायचा. त्याने रविवारी केलेलं सगळं मी सोमवारी पुसून टाकायचो.

नववं वर्ष सुरू व्हायच्या आधी एका दुपारी तो माझ्या दाराशी आला. मान एका बाजूला वळत नव्हती, सबंध अंगाने वळून बोलत होता.

"मिस्टर बर्नी, एक मागू? या वर्षी माझं पुसू नका."

"का?"

"मम्माला दाखवायचंय."

आईबद्दल तो कधीमधी बोलायचा. आर्नेटा प्रुइट, गावच्या शाळेत पोरांचा स्वयंपाक करायची. चार पोरं एकटीने वाढवलेली. रविवारी चर्चनंतर तिथल्याच हॉलमध्ये मंडळी टीव्हीवर सामना बघायला बसायची. कॉर्नब्रेडचा, म्हणजे मक्याच्या पावाचा, तुकडा तोंडात धरून एक म्हातारा दर वेळी विचारायचा, "आर्नेटा, तुझा पोरगा मैदानात आहे, का शेंगदाणे विकतोय?" आणि सगळा हॉल खिदळायचा.

"दर रविवारी फोन करते," ओडेल म्हणाला. "विचारते, आज खेळलास का? मी म्हणतो, हो. ती म्हणते, मला नाही दिसलास. आठ वर्षं, मिस्टर बर्नी. ती खोटं नाही पाडत मला. पण ती अशी बाई आहे, की हातात घेऊन बघितल्याशिवाय बटाटासुद्धा चांगला म्हणत नाही. तिच्या हातात ठेवायला माझ्याकडे काही नाही. टचडाऊनचे चेंडू लोक घरी नेतात. मी काय नेऊ?"

"मालकीणबाईंनी बघितलं तर?"

"माझ्याकडे कोण बघतंय?"

मी नाही पुसलं. सोळा सामने. दर सोमवारी तो दाराशी यायचा आणि आम्ही दोघं ते हेल्मेट उजेडात धरायचो. "हा हिरवा त्या लांब केसवाल्याचा," तो सांगायचा. "हा केशरी बघा, तीन वेळा एकाच जागी." नाताळच्या आठवड्यात डाव्या भुवईच्या वर एक खोल खाच पडली, बोट बसेल अशी. त्या दिवशी त्याला माझं नाव आठवायला जरा वेळ लागला होता. मी ते हसण्यावारी नेलं. सोळा सामन्यांत मळक्या हेल्मेटबद्दल एकाही माणसाने हूं की चूं केलं नाही. ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, त्याचं हेल्मेट मळलंय हे कळणार कोणाला?

बाद फेरीचा सामना आमच्याच मैदानावर झाला. शेवटची बारा सेकंदं, आम्ही चार गुणांनी मागे. क्वार्टरबॅक मागे सरला, आणि त्याला दिसत नसलेल्या बाजूने लाल हेल्मेटवाला, त्या वर्षीचा लीगमधला सगळ्यात मोठा रेडा, मोकळा सुटला. ओडेलने दोन पावलं पुढे जाऊन त्याला घेतलं. तो आवाज मी बाजूच्या रेषेवर उभा राहून ऐकला. माळ्यावरून कपाट खाली पडावं तसा. चेंडू उडाला, टोकाला मर्करने तो झेलला आणि साठ हजार माणसं वेडी झाली. लोक मैदानात घुसले. मर्करला खांद्यावर घेतलं. कोचने विजयाचा चेंडू मर्करला दिला. ओडेल वीस यार्ड मागे पडलेला होता, आणि त्याच्या अंगावरून उडी मारून पोटं रंगवलेली दोन गाढवं मर्करकडे धावली. हे मी डोळ्यांनी बघितलं.

मानेचा मणका. त्या सामन्यानंतर तो पुन्हा खेळला नाही. मार्चमध्ये ऑफिसातला एक टाय लावलेला माणूस त्याला फोनवर म्हणाला, "कोच भेटायला बोलावतायत, डावपेचांची वही घेऊन या." या धंद्यात वही घेऊन या म्हटलं की समजायचं, तुमचं इथलं संपलं. ओडेल गळ्यात पट्टा घालून आला, वही दिली आणि माझ्या दाराशी थांबला.

"हेल्मेट?"

"आहे माझ्याकडे. वरच्या फळीवर. ऑफिसातून कागद आला की पाठवतो. नियम आहे."

नियम होता. पण मी तेव्हाच ते त्याच्या हातात ठेवलं असतं, तर कोणाच्या बापाला कळलं असतं? मी एकतीस वर्षं नियमांच्या आड उभा राहिलोय. दार अर्धं असलं तरी आडोसा पुरता होता.

एप्रिलमध्ये किप आला. किप म्हणजे मालकांचा प्रसिद्धीवाला. दात पांढरे, बुटांत मोजे नाहीत. स्टेडियमच्या दर्शनी हॉलमध्ये त्या विजयाचं काचेचं कपाट करायचं होतं. त्याने मर्करचं हेल्मेट हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"बर्नीकाका, हे तर दुकानातून आत्ता आणल्यासारखं दिसतंय."

"तसंच आहे ते."

"असं नको यार. लोकांना युद्ध वाटलं पाहिजे. घासलेलं, मार खाल्लेलं..." आणि त्याची नजर वरच्या फळीवर गेली. "ते काय आहे?"

"ते प्रुइटचं."

"कोण प्रुइट?"

मी सांगितलं. तो ऐकत नव्हता. हेल्मेट खाली काढून त्याने त्या खाचेत बोट घातलं होतं आणि लहान पोरासारखा खूश झाला होता. "हेच! मागचा नंबर बदल. मर्करची तोंडाची जाळी वेगळी आहे ना? ती याला लाव. कोणाला कळतंय? साहेब तुझे पेन्शनचे कागद याच महिन्यात बघायला घेतायत, मी शब्द टाकतो."

मला पेन्शनला दोन वर्षं उरली होती. मी शेपूट घातलं, हे मी गोड करून सांगणार नाही. पाऊण तास लागला. जेवढा त्याला पुसायला लागायचा तेवढाच. मागचा छत्तीसचा स्टिकर नखाने काढला, अठ्ठावीस लावला. जाळीचे चार स्क्रू फिरवले. कपाटातली पितळी पाटीसुद्धा मीच ठोकली. किपने मजकूर दिला आणि ठसे घेऊन मी एकेक अक्षर उमटवलं, माझ्या सवयीने उजवीकडे झुकलेलं: डॅश मर्कर, २८, विजयाचा शिल्पकार. मर्कर उद्घाटनाला आला तेव्हा त्याने हेल्मेट बघून मान डोलावली. ते आपलं नाही हे त्याच्या लक्षातही आलं नाही. डोक्यात काही असलं तर डोक्यावरचं ओळखेल ना!

उन्हाळ्यात ओडेलचा फोन आला. "मिस्टर बर्नी, कागद आला का?"

"अरे, ते फेकून दिलं त्यांनी," मी म्हणालो. "तडा गेलेली हेल्मेटं ठेवत नाहीत. नियम आहे."

मग तो म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही काय करणार?" आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

त्यानंतर त्याने गावी शाळेतल्या पोरांना खेळ शिकवायला घेतला, असं कानावर आलं. इथे मर्कर भिंतीवर चढला, टीव्हीवर गेला, बार्बेक्यूच्या सॉसच्या बाटलीवर आला. मी निवृत्त झालो आणि तरीही स्टेडियममध्येच राहिलो. महिन्यातून दोनदा हॉलमधली कपाटं पुसायला. कुलपांच्या किल्ल्या माझ्याच कमरेला. एवढं करून माझं पोट भरलं नव्हतं, असं म्हणा हवं तर.

दर ऑक्टोबरात जुन्या खेळाडूंचा दिवस असतो. मध्यंतरात त्यांना मैदानात ओळीने उभं करतात, एक टोपी देतात, लोक बिअर आणायला जातात. सहा वर्षं ओडेल आला नाही. सातव्या वर्षी आला. मी हॉलमध्ये फडका घेऊन उभा होतो आणि तो दारातून आत आला. केस पांढरे, सबंध अंगाने वळणारा. सोबत निळी हॅट घातलेली, हातात पर्स घट्ट धरलेली ठेंगणी बाई. चौदा तास गाडी चालवून आले होते.

"मिस्टर बर्नी!" त्याने मला मिठीच मारली. "मम्मा, हेच ते मिस्टर बर्नी. माझं सगळं सामान सांभाळायचे."

"देवाचे उपकार तुमच्यावर," बाई म्हणाली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. तळहात कढयांनी राठ झालेले. "पोरगा तुमच्याबद्दल फार चांगलं सांगतो."

मला तिथून पळायचं होतं. पण ती भिंत बघायला निघाली होती. एकेक नाव मोठ्याने वाचत गेली, शेवटपर्यंत. अकरावं संपलं. पर्स या हातातून त्या हातात घेतली फक्त.

मग ते कपाटाशी आले.

ओडेलने बघितलं. एक क्षण पुरला त्याला. त्याचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या भुवईच्या वर गेला, जिथे ती खाच होती. नजर खाली पाटीवर गेली, तिथून माझ्या कमरेच्या किल्ल्यांवर, मग माझ्या तोंडाकडे. मी म्हटलं आता हा माझी मान धरणार, आणि धरावी. मला ते बरं वाटलं असतं.

"काच छान चमकवलीय, मिस्टर बर्नी," तो म्हणाला. एवढंच. माझ्यावर धावून येणारं सुद्धा तो स्वतःच्या कपाळावर घेत होता. चल मम्मा, म्हणत तो वळला.

पण बाई हलेना. तिने चष्मा लावला होता आणि नाक काचेला टेकवलं होतं. चाळीस वर्षं भांड्यांचे तळ बघितलेल्या बाईचं बघणं होतं ते.

"हिरवा. केशरी. निळा," ती बोटाने मोजत होती. "आणि हा लाल. हे रंग दुसऱ्यांचे आहेत ना रे? म्हणजे हा दर वेळी जाऊन त्यांना धडकला. आपण होऊन. एवढे वेळा!"

"हो, मम्मा."

"बघ. हा माणूस राबला. भांडं सांगतं कोण राबलंय ते." तिने उसासा टाकला. रागाने नाही, थकून. "याच्या आईला दिसत असेल, बाई. मी त्या हॉलमध्ये बसून नऊ वर्षं डोळे फोडले, ओडेल. मी काही म्हटलं का तुला कधी? पण तू असा खेळायला हवा होतास."

ओडेलने खाली बघितलं आणि म्हणाला, "हो, मम्मा. खेळायला हवं होतं."

माझी या गावाबद्दलची, कोचबद्दलची, मर्करबद्दलची सगळी तुच्छता त्या क्षणी माझ्यावरच उलटली. पोटं रंगवणाऱ्या गाढवांना निदान माहीत नव्हतं. किपने विचारलं तरी होतं, कोण प्रुइट म्हणून. सगळ्या पोर्ट हॅलममध्ये हे माहीत असलेला एकच माणूस होता, आणि तो फडका हातात घेऊन उभा होता.

मी किल्ली काढली. दोनदा चुकली. दाराशी उभा असलेला पहारेकरी ओरडला, "ओ बर्नी, आज उघडायचं नाहीये ते!" मी म्हटलं, "तू तुझं दार सांभाळ." कपाट उघडलं, हेल्मेट काढलं आणि बाईच्या हातात दिलं. जड होतं, तिने पर्स जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी ते छातीशी धरलं.

"उलटं करा," मी म्हणालो. "आत बघा. वरची गादी बाजूला सारा."

गादीखाली कातडी पट्टी असते. तिच्यावर सामानवाला ज्याचं त्याचं नाव घालतो, न पुसणाऱ्या शाईने. बाहेरचं सगळं बदलता येतं. ती पट्टी मी बदलली नव्हती. विसरलो होतो म्हणा, का धजलो नव्हतो म्हणा. मला आजही सांगता येणार नाही.

बाईने गादी सारली आणि हॉलमधल्या दिव्याकडे हेल्मेट धरलं. घामाने पिवळी पडलेली पट्टी, तिच्यावर मोठी, उजवीकडे झुकलेली अक्षरं: प्रुइट, ३६. तिने ते एकदा वाचलं. बोट फिरवून पुन्हा वाचलं. मग हेल्मेट सुलटं केलं आणि अंगठा त्या डाव्या खाचेत घातला. ओडेल दुसरीकडे बघत होता. ती त्याच्याजवळ गेली, टाचा उंचावल्या आणि तोच अंगठा त्याच्या डाव्या भुवईच्या वर ठेवला. तिथे हाडाला टेंगूळ आहे, आजही. तिचे ओठ नुसते हलत होते, आणि ते देवाचं नाव असावं किंवा त्या कॉर्नब्रेडवाल्या म्हाताऱ्याचं.

मग ती माझ्याकडे वळली.

"हे आतलं अक्षर कोणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

तिने कपाटातल्या पितळी पाटीकडे बोट केलं. "आणि हे बाहेरचं?"

ओडेल मध्ये पडला, "मम्मा, जाऊ दे, निघू या."

"तू गप्प बस. तू खूप अडवलंस." तिची नजर माझ्यावरच होती. "मी यांना विचारतेय. हे कोणाचं?"

"तेही माझंच," मी म्हणालो.

तिने हेल्मेट काखेत घेतलं, जमिनीवरची पर्स उचलली आणि पोराचा हात धरून दाराकडे चालू लागली. पहारेकरी अडवायला पुढे झाला. तिच्या तोंडाकडे बघून बाजूला झाला.